कुळागरातल्या पाटाचा दावा: कोणत्या न्यायाधीशाने काय पाहिलं

काकींनी पहिल्याच भेटीत माझ्या टेबलावर तीन कागद ठेवले. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा), सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला आणि मोबाईलवरून छापून आणलेला जेसीबीचा फोटो. फोटोत कुळागराच्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेच्या, कडेचा चिऱ्यांचा गडगा (कुंपणाची भिंत) फुटलेला दिसत होता आणि जेसीबीचं एक चाक पाटात, म्हणजे बागेला पाणी नेणाऱ्या चरात, रुतलेलं होतं. "वकीलबाब, परवा परत येतो म्हणून गेलाय तो," त्या म्हणाल्या. तो म्हणजे त्यांचा धाकटा दीर.

हे प्रकरण मी काकींच्या परवानगीने लिहितो आहे. गाव आणि नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि एक-दोन प्रसंग अशाच दुसऱ्या प्रकरणातून घेतले आहेत. लिहायचं कारण एकच. अशील विचारतात, "जज्जसाहेब काय म्हणतील?" कोर्टात एकच जज्ज असतो आणि तोच सगळं ठरवतो, असं ते धरून चालतात. या एका कुळागरापायी आम्ही दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, वरिष्ठ स्तर, जिल्हा न्यायाधीश आणि उच्च न्यायालय अशा चार दारांत उभे राहिलो. शिवाय मामलेदार, म्हणजे तालुक्याचे महसूल अधिकारी, जे न्यायाधीशच नव्हेत. प्रत्येकापुढे प्रश्न वेगळा होता. त्यातल्या सगळ्यात खालच्या दाराला लोक सगळ्यात कमी किंमत देतात. "इथे काय होणार, वर जाऊ," हे वाक्य मी गोव्यातल्या डिचोलीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात वर्षानुवर्षं ऐकतो आहे, आणि दर वेळी मला ते खुपतं.

आधी घराण्याचं सांगतो. कुळागर सासऱ्यांचं: ओहोळाच्या काठाला पोफळी, मधे केळी, माडांवर चढवलेली मिरी, आणि वरच्या अंगाला जुनं घर. सासू-सासरे गेले. मागे तीन मुलं: काकींचे यजमान, त्यांची बहीण (घरात सगळ्यांची आते) आणि धाकटा भाऊ. पुढे काकींचे यजमानही वारले, मागे एक लेक. महाराष्ट्रातल्या वाचकाला पटकन लक्षात येणार नाही अशी गोष्ट इथे आहे. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १ जुलै १८७० पासून लागू झाली आणि तिच्यात मुलगा-मुलगी असा भेद नव्हता. म्हणजे आतेचा वाटा भावांइतकाच, १/३. थोरल्याच्या १/३ मधला निम्मा, म्हणजे १/६, काकींचा स्वतःचा. कारण वेगळा करार केला नसेल तर लग्नाबरोबर नवरा-बायकोची मालमत्ता एक होते, वारशाने आलेलीसुद्धा. उरलेला १/६ लेकीचा. त्याच न्यायाने धाकट्या दिराच्या वाट्यात त्याची बायको निम्म्याची मालकीण, आतेच्या वाट्यात तिचे यजमान. जावयांना धरून सात माणसं. यातल्या एकाचं नाव दाव्यात राहून गेलं तरी पुढे सगळं खोळंबतं.

काकी माझ्याकडे येण्याआधी पोलिसांकडे जाऊन आल्या होत्या. तिथे नोंद झाली आणि "हे दिवाणी प्रकरण, कोर्टात जा" असं सांगण्यात आलं. त्या चिडल्या होत्या, आणि त्यांचा राग मला समजत होता. पण सहमालक आपल्याच न वाटलेल्या जमिनीत शिरला, तर त्याला फौजदारी घुसखोर ठरवणं अवघड असतं. गंमत वाटेल, पण तालुक्याच्या कोर्टात फौजदारी आणि दिवाणी ही दोन्ही कामं बहुधा एकाच व्यक्तीकडे असतात. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर याच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतात. सकाळी चोरीच्या आरोपीला कोठडी द्यायची का, हे ज्या बाई ठरवतात, त्याच दुपारी गडग्याचं भांडण ऐकतात. खुर्ची तीच, अधिकार दोन. दंडाधिकारी म्हणून त्या जमीन कुणाची हे ठरवू शकत नाहीत. न्यायाधीश म्हणून कुणाला तुरुंगात घालू शकत नाहीत, आपलाच मनाई हुकूम कुणी मोडला, अशा मोजक्या बाबी सोडून.

आमच्यापुढे कामं दोन होती. जेसीबी आज थांबवायचा आणि कुळागर कायमचं वाटायचं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं १५ वं कलम सांगतं की दावा ऐकायला समर्थ असलेल्या सगळ्यात खालच्या कोर्टात तो दाखल करावा. म्हणून मनाईचा दावा कनिष्ठ स्तराकडे गेला. वारशाची वाटणी गोव्यात साध्या वाटणीच्या दाव्याने होत नाही, ती होते इन्व्हेंटरीने, म्हणजे वारस आणि मालमत्तेची यादी करून वाटे पाडण्याच्या कारवाईने, आणि इन्व्हेंटरी चालते वरिष्ठ स्तराच्या न्यायाधीशांपुढे. पूर्वी हे सगळं पोर्तुगीज कायद्यांत होतं. आता ते गोव्याच्या २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यात आलं आहे, आणि तो डिसेंबर २०१६ पासून लागू आहे. इन्व्हेंटरीचे कागद जमवायला महिने जाणार होते. जेसीबी परवा येणार होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही कनिष्ठ स्तरापुढे उभे राहिलो. मी एकतर्फी मनाई मागितली, म्हणजे दिराला ऐकण्याआधीच. न्यायाधीशबाईंनी अर्ज वाचला, फोटो पाहिला आणि एकतर्फी हुकूम द्यायला नकार दिला. दुसऱ्या बाजूला नोटीस, तारीख चार दिवसांनंतरची. काकींचा चेहरा पडला. पण त्याच हुकुमात एक ओळ होती: कोर्ट कमिशनर नेमण्यात येत आहे, त्याने चोवीस तासांत जागेवर जाऊन आहे ती स्थिती नोंदवावी. बाहेर आल्यावर काकी म्हणाल्या, "बाईंनी आमचं ऐकलंच नाही." मी त्यांना सांगितलं की ऐकलं, आणि आपण मागितलं त्याहून कामाचं दिलं.

कमिशनर म्हणून तरुण वकील गेला. त्याने टेप लावून गडग्याचं भगदाड मोजलं, पाटाचा नकाशा काढला, फोटो घेतले. अहवालात लिहिलं: पाटात ताजी माती टाकलेली लांबी ११ मीटर, मातीखाली पाणी थबकलेलं, खालच्या अंगाच्या पोफळींची मुळं कोरडी. माती ताजी असल्याची ती नोंद पुढे वरच्या दोन्ही कोर्टांत वाचली गेली. आठवडाभर उशीर झाला असता तर पाऊस पडून माती बसली असती, आणि ती कधी टाकली हे कुणालाच सांगता आलं नसतं.

धाकट्या दिराची कैफियत (लेखी उत्तर) आली: मी मालक, रस्ता माझ्या सोयीचा, आणि पाट म्हणतात तो ओहोळच आहे. दोन्ही बाजू ऐकून बाईंनी अर्धा हुकूम दिला. पाट बुजवायचा नाही, झाड तोडायचं नाही. पण दिराला येण्या-जाण्यापासून अडवता येणार नाही, कारण तोही सहमालक. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की तो हुकूम तंतोतंत बरोबर होता. काकींना तो अपुरा वाटला, दिराला जास्त. दिराने अपील केलं.

अंतरिम हुकुमावरचं अपील जिल्हा न्यायाधीशांकडे जातं, आणि इथे बहुतेक लोक चुकतात. अपील म्हणजे तोच दावा नव्याने मोठ्या साहेबांपुढे, असं त्यांना वाटतं. जिल्हा न्यायाधीशांनी दिराच्या वकिलांना पहिल्याच सुनावणीत विचारलं, "खालच्या कोर्टाने कशाकडे दुर्लक्ष केलं ते दाखवा. तुम्हाला काय हवं ते मला माहीत आहे." सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये वॉण्डर विरुद्ध अँटॉक्स या निकालात हे ठरवून दिलं आहे: खालच्या न्यायाधीशाने आपला विवेक मनमानीने किंवा कायदा डावलून वापरला नसेल, तर आपण वेगळा निर्णय दिला असता एवढ्या कारणावरून अपिलाच्या कोर्टाने तो हुकूम फिरवू नये. जिल्हा न्यायाधीशांनी कमिशनरचा अहवाल वाचला, नकाशा उलटासुलटा करून पाहिला आणि अपील फेटाळलं.

जिल्हा न्यायाधीशांची दुसरी बाजू लोकांना कमी दिसते. जिल्ह्यातल्या दिवाणी कोर्टांच्या कामाची व्यवस्था प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे असते. अपील फेटाळल्यावर दिराने तिथेच अर्ज केला, की डिचोलीच्या न्यायाधीश काकींच्या बाजूच्या आहेत, दावा दुसऱ्या कोर्टात वर्ग करावा. संहितेच्या २४ व्या कलमाखाली तसा अधिकार जिल्हा न्यायालयाला आणि उच्च न्यायालयाला आहे. अर्ज नामंजूर झाला. विरुद्ध हुकूम मिळणं हा पक्षपाताचा पुरावा होत नाही, एवढंच त्यात लिहिलं होतं.

मग पर्वरी. मुंबई उच्च न्यायालयाचं गोव्यातलं खंडपीठ १९८२ मध्ये सुरू झालं. त्याआधी इथे न्यायिक आयुक्तांचं न्यायालय होतं. मार्च २०२१ पासून उच्च न्यायालय पर्वरीच्या नव्या इमारतीत आहे. अंतरिम हुकुमावर दुसरं अपील नसतं, म्हणून दीर घटनेच्या २२७ व्या कलमाखाली गेला. ते देखरेखीचं कलम आहे. न्यायमूर्ती पाहतात ते एवढंच, की खालची कोर्टं आपल्या हद्दीत राहून वागली का. पाट खरोखर आहे का, हा प्रश्न तिथे गेलाच नाही. वीस मिनिटांत याचिका निकाली निघाली आणि खालच्या कोर्टाने दावा लवकर चालवावा, असा निर्देश मिळाला. काकी दिवसभराची तयारी करून डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "झालं?" झालं होतं.

यात दीड वर्ष गेलं. दरम्यान दिराने नवा मुद्दा काढला: रस्ता माझ्यासाठी नाही, कुळागराच्या कोपऱ्यातल्या मुंडकाराच्या घरासाठी आहे. मुंडकार म्हणजे मालकाच्या परवानगीने त्याच्या जमिनीत घर करून राहणारा. त्या घरात एक कुटुंब खरंच तीन पिढ्या राहतं. ते दाव्यात आले आणि त्यांनी सांगितलं, आम्ही मुंडकार. इथे न्यायाधीशबाईंचे हात बांधलेले होते. १९७५ च्या मुंडकार कायद्याप्रमाणे कोण मुंडकार आणि कोण नाही, हे दिवाणी कोर्ट ठरवू शकत नाही. तो मुद्दा मामलेदारांकडे पाठवावा लागतो. तिथून वर जायची वाटही वेगळी, महसुली अधिकारी आणि प्रशासकीय न्यायाधिकरण अशी. ही विभागणी बरोबर की चूक यावर गोव्यात बराच वाद झाला आहे. कुळांची प्रकरणं २०१४ च्या दुरुस्तीने मामलेदारांकडून दिवाणी न्यायाधीशांकडे आणली गेली आणि २०१७ मध्ये ती परत मामलेदारांकडे गेली. माझं मत असं, की घर-जमिनीच्या हक्काचा निवाडा करणाऱ्या माणसाकडे निवडणूक, पूर आणि दाखले ही कामं नसावीत. मामलेदार कितीही चांगले असले तरी त्यांच्या टेबलावर पन्नास कामं असतात. आमचा मुद्दा तिथे गेला आणि पडून राहिला. बाकीच्या मुद्द्यांवर साक्षी सुरू झाल्या.

त्या दुपारबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे.

काकींची सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर झाली होती. उलटतपासणी कोर्टात. साक्षीदार कोकणीत किंवा मराठीत बोलतो, न्यायाधीश इंग्रजीत सांगतात, स्टेनो टाईप करतो. दिराच्या वकिलांनी विचारलं, "हा पाट सरकारी पाण्याचा ना?" काकी म्हणाल्या, "पाट आमच्या आजेसासऱ्यांनी काढलेला." स्टेनोने टाईप केलं, 'कॅनल'. पडद्यावर तो शब्द मला दिसला आणि मी उठणार, तोच न्यायाधीशबाई म्हणाल्या, "थांबा. त्या पाट म्हणाल्या. पाट लिहा." मग काकींकडे वळून, "पाट म्हणजे काय, मला समजावून सांगा. मी शहरात वाढले."

घाटावरच्या वाचकाला पाट म्हटलं की पाटबंधारे खातं आठवेल. डिचोली तालुक्यात तिळारीचा कालवा सगळ्यांच्या ओळखीचा, आणि दिराच्या वकिलांना हवं होतं तेच: कालवा म्हटलं की तो सरकारचा, मग सहमालकाचा हक्क कुठला? कुळागरातला पाट ही निराळी चीज आहे. पाऊस सरला की ओहोळावर दगड-मातीचा बांध घालायचा, पाणी अडवून वर चढवायचं आणि उताराउताराने पोफळींच्या मुळांशी न्यायचं. कुणाच्या बागेत कोणत्या दिवशी पाणी, याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. काकींनी हे सगळं सांगितलं. बांध कधी घालतात, कुणी घालायचा, दिराची पाळी कोणती. रुंदी विचारली तेव्हा त्यांनी दोन्ही हात समोर धरले, "एवढा." बाईंनी स्टेनोला सांगितलं, "लिहा, साक्षीदार हातांनी अंतर दाखवते, सुमारे दोन फूट." कमिशनरच्या टेपने तीच रुंदी सव्वादोन फूट दाखवली होती.

सात-आठ ओळींची ती नोंद. वरच्या न्यायाधीशांना काकींचे हात कधीच दिसले नसते. निकालाविरुद्ध पहिलं अपील झालं असतं तर अपिलाच्या कोर्टाने पुरावा पुन्हा तपासला असता, पण कागदावरून. तिथून उच्च न्यायालयात दुसरं अपील केलं असतं तर संहितेच्या १०० व्या कलमाप्रमाणे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असल्याशिवाय ते ऐकलंच गेलं नसतं. 'कॅनल' हा शब्द एकदा साक्षीत बसला असता तर तो पर्वरीपर्यंत तसाच गेला असता, आणि तिथल्या अनुभवी न्यायमूर्तींनाही तो पुसता आला नसता. म्हणून मी नव्या वकिलांना सांगतो: खालच्या कोर्टात स्टेनोच्या पडद्यावर नजर ठेवा, पुस्तकं नंतर उघडा.

तीन महिन्यांनी त्या बाईंची बदली झाली. तालुक्याच्या न्यायाधीशांवरचं नियंत्रण घटनेच्या २३५ व्या कलमाने उच्च न्यायालयाकडे आहे आणि बदल्या ठरावीक काळाने होतात. काकी हादरल्या. "आता सगळं पहिल्यापासून?" तसं होत नाही. आधीच्या न्यायाधीशांनी घेतलेला पुरावा नव्या न्यायाधीशांना आपणच घेतल्यासारखा वापरता येतो आणि दावा जिथे थांबला तिथून पुढे चालतो. नवे न्यायाधीश आले. पहिल्या तारखेला ते फाईल वाचत बसले होते, आणि त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "पाटाच्या पाळ्या कुठे लिहून ठेवल्या आहेत का?" ते काकींशी एक शब्दही बोलले नव्हते. तरी त्यांना पाट कळला होता.

इकडे वरिष्ठ स्तरापुढे इन्व्हेंटरी चालू झाली होती. तिथली भाषा वेगळी, न्यायाधीशांचं कामही वेगळं. काकी त्या घरात राहत होत्या, म्हणून बाकीच्यांच्या संमतीने त्या घराण्याच्या प्रमुख झाल्या, पोर्तुगीजात काबेस द काझाल. त्यांनी शपथेवर सांगायचं: कोण वारलं, कधी, वारस कोण, मालमत्ता काय. मग यादी, किंमती, हरकती. इथे न्यायाधीशांना कोण खरं आणि कोण खोटं हे फारसं ठरवायचं नसतं. हिशेब पुरा करणं आणि कुणाचा वाटा बुडू न देणं, हे त्यांचं काम. वरिष्ठ स्तराच्या न्यायाधीशांनी एकदा दिराला स्पष्ट सांगितलं, "पाट बुजवला की नाही, ते मला सांगू नका. ते शेजारच्या कोर्टात. इथे फक्त कुळागराची किंमत सांगा." तो ओरडून निघून गेला. मला मात्र त्या एका वाक्यात सगळी व्यवस्था दिसली.

शेवटी लिसितासांव, म्हणजे वारसांमधली बोली. यादीतल्या वस्तूवर वारसच एकमेकांवर चढवतात. जो घेईल त्याने आपल्या वाट्यापेक्षा जास्त झालेली रक्कम बाकीच्यांना द्यायची. घर आणि ओहोळाकडचं कुळागर काकी आणि लेकीने मिळून घेतलं. रस्त्याकडची पट्टी दिराने. आतेने जमिनीवर बोलीच लावली नाही. "मला पैसे द्या, आणि चवथीला घरात गणपतीपुढे बसायला द्या," एवढंच ती म्हणाली. दुसरी अट कायद्यात कुठे बसत नव्हती. न्यायाधीशांनी काकींकडे पाहिलं, काकींनी मान डोलावली.

वाटणीच्या तक्त्यात पाट सामाईक राहिला. पाळ्या पहिल्यांदा कागदावर आल्या: तीन दिवस काकींच्या बागेला, दोन दिवस दिराच्या. त्याच अटींवर कनिष्ठ स्तराकडच्या दाव्यात संमतीचा हुकूमनामा झाला. उद्या कुणी पाळी मोडली तर पर्वरीला जायची गरज नाही. ज्या कोर्टाने हुकूमनामा दिला, त्याच डिचोलीच्या कोर्टात दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावायची.

मुंडकाराचा मुद्दा मामलेदारांकडे अजून आहे. कुळागर काकींकडे गेल्यापासून त्या कुटुंबाशी त्यांचं बोलणं सुरू झालं आहे. गेल्या नोव्हेंबरात ओहोळावर बांध घालायला त्या घरातले दोघेजण आले होते. दीर जरा उशिरा आला, पण आला. पुढची तारीख चवथीनंतरची आहे.